मठाची फरसबंदी आणि लोकांचे हात : नॉर्टन येथील मृण्मय लाद्यांचा अभ्यास

प्राचीन विहारांचा अभ्यास करणारा आपल्याकडील वाचक लेण्यांत शिरला की मान वर करतो. छत, स्तंभशीर्षे, भित्तिचित्रे, चैत्यगवाक्ष यांवर त्याची दृष्टी खिळते. पायांखालच्या भुईकडे तो क्वचितच पाहतो. याचे कारणही उघड आहे. पश्चिम भारतातील विहार डोंगरात कोरलेले असल्याने त्यांची भुई म्हणजे तोच कातळ. तेथे वेगळी फरसबंदी घालण्याचे फारसे प्रयोजन नव्हते. परंतु जे मठ वीट, लाकूड आणि माती यांनी उभे राहिले, त्यांच्या बाबतीत पुष्कळदा भिंती नाहीशा होतात आणि भुई तेवढी उरते. या लेखात आम्ही अशाच एका भुईची हकीकत सांगणार आहोत. ती भारतातील नाही, बौद्धही नाही. इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील नॉर्टन या ख्रिस्ती मठाच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या आरंभी घातलेली ती मृण्मय लाद्यांची फरसबंदी होय. तिच्या अभ्यासात पदवीधर संशोधकांच्या बरोबरीने सामान्य नागरिकांचे हात लागले, आणि आमच्या विवेचनाचा खरा विषय तोच आहे.

प्रथम मठाचा इतिहास थोडक्यात पाहू. हॉल्टनचा दुसरा बॅरन विल्यम फिट्झ नायजेल याने इ.स. 1115 मध्ये मर्सी नदीच्या दक्षिण तीरावरील रनकॉर्न येथे ऑगस्टिनियन पंथाच्या कॅनन मंडळींसाठी मठ स्थापिला. 1134 साली त्याच्या पुत्राने तो काही मैलांवरील नॉर्टन येथे हलविला. कॅनन म्हणजे भिक्षू आणि पुरोहित यांच्या मधली अवस्था म्हणता येईल. ते नियमाने एकत्र राहत, पण आसपासच्या गावांतील चर्चमध्ये धर्मकृत्येही करीत. 1236 मध्ये मठास आग लागली, पुढे पुनर्बांधणी झाली, चर्च वाढत गेले आणि आश्रयदात्या सरदार घराण्यांतील मंडळी आपल्या दफनासाठी तेथे जागा मागू लागली. 1391 साली या मठास 'ॲबी' हा वरचा दर्जा मिळाला. ऑगस्टिनियन मठांपैकी फार थोड्यांना हा मान लाभला होता. चौदाव्या शतकारंभीची ती झगझगीत फरसबंदी याच चढत्या काळातील आहे, हे ध्यानात ठेवावे.

मठाचा अंत मात्र विलक्षण झाला. आठव्या हेन्रीच्या राजवटीत 1536 साली वार्षिक दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा झाला, आणि नॉर्टनचे उत्पन्न त्या रेषेच्या खाली भरले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राजाचे अधिकारी मठातील चीजवस्तू बांधून निघण्याच्या बेतात असता मठाधिपतीने दोन-तीनशे लोक जमवून त्यांना घेरले. अधिकाऱ्यांनी एका मनोऱ्यात स्वतःस कोंडून घेतले आणि परगण्याच्या शेरीफला, सर पीअर्स डटन यास, निरोप धाडला. शेरीफ रात्री येऊन धडकला, जमाव पांगला, मठाधिपती आणि काही कॅनन हॉल्टनच्या किल्ल्यात कैद झाले. राजाने त्यांना फाशी देण्याची आज्ञा केली होती. परंतु कागदपत्रांच्या येरझाऱ्यांत वेळ गेला आणि अखेर त्यांचे प्राण वाचले. ज्या शेकडो सामान्यांनी त्या रात्री मठाभोवती शेकोट्या पेटवल्या, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

1545 मध्ये ब्रूक घराण्याने ही मालमत्ता विकत घेतली. मठाच्या इमारतींतच त्यांनी आपले निवासस्थान केले. अठराव्या शतकात तेथे नव्या पद्धतीचा वाडा उठला. चर्च पाडले गेले, त्याचा दगड इतरत्र गेला आणि त्याच्या भुईवर माती व बाग पसरली. आपल्याकडे 1794 साली सारनाथचा धर्मराजिक स्तूप विटांसाठी उकरला गेला हे वाचकांस ठाऊक आहे. जुन्या धर्मस्थानाकडे बांधकामाच्या सामानाची खाण म्हणून पाहण्याची वृत्ती कोणा एका देशाची नाही. नॉर्टनमध्ये एवढेच झाले की दगडाला भाव होता आणि फुटक्या लाद्यांना नव्हता. म्हणून लाद्या राहिल्या. ब्रूक कुटुंब 1921 साली तेथून गेले, 1928 मध्ये वाडा पाडण्यात आला आणि 1966 साली त्याच घराण्याने ही जागा लोकहितासाठी विश्वस्त व्यवस्थेत दिली.

तोवर भोवतालचा प्रदेश बदलू लागला होता. 1964 मध्ये रनकॉर्नला 'नवनगर' म्हणून घोषित करण्यात आले. लिव्हरपूलच्या दाट वस्त्यांतील कुटुंबे तेथे वसू लागली. नवनगराच्या विकास महामंडळाने शहराच्या मध्यभागी उद्यान करावयाचे ठरविले आणि त्या निमित्ताने 1971 साली जे. पॅट्रिक ग्रीन या तरुण पुरातत्त्वज्ञास सहा महिन्यांच्या कराराने नेमले. सहा महिन्यांचे काम बारा वर्षे चालले! उत्खननाचा एकूण पसारा तर 1987 पर्यंत पोहोचला. आधुनिक पद्धतीने इतके विस्तृत क्षेत्र उकरले गेलेले मठ युरोपात फार थोडे आहेत. 1975 साली संग्रहालयासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली, 1982 मध्ये संग्रहालय उघडले आणि 2016 मध्ये त्याची नवी इमारत झाली. ग्रीन यांचा ग्रंथ 1989 मध्ये केंब्रिजहून आला. फ्रेझर ब्राउन व क्रिस्टीन हॉवर्ड-डेव्हिस यांनी संपादिलेला सविस्तर अहवाल 2008 साली.

या उत्खननात चर्चच्या भुईवर जी मोझेक पद्धतीची फरसबंदी उघडी पडली, ती अशा आधुनिक उत्खननांत मिळालेल्या फरसबंद्यांत विस्ताराने अग्रगण्य आहे. मोझेक म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे रोमन काळातील बारीक दगडी खड्यांची चित्रे येतात. तसे हे नव्हे. येथे ओल्या मातीच्या थापीवर फर्मा ठेवून सुरीने चौकोन, त्रिकोण, वर्तुळखंड, पाकळ्या असे आकार कापीत. काहींवर लाकडी ठशाने रेषा उमटवीत. मग शिशाची झिलई देऊन ते भाजीत, आणि निरनिराळ्या आकारांचे हे तुकडे एकमेकांत बसवून मोठाल्या भौमितिक रचना सिद्ध करीत. रंगांची गंमत अशी की ते सगळे थोड्याशाच द्रव्यांतून निघतात. लोहयुक्त तांबड्या मातीवर शिशाची पारदर्शक झिलई दिली तर तपकिरी. त्याच मातीवर आधी पांढऱ्या मातीचा लेप दिला तर पिवळा. झिलईत तांबे मिसळले तर हिरवा, आणि त्याचे प्रमाण वाढविले की जवळजवळ काळा. आमच्या कुंभारांना यातील कोणतीही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

या लाद्या कोठून आल्या, हा प्रश्न नॉर्टनपुरता तरी निर्विवाद सुटला, कारण उत्खननात त्या भाजण्याची भट्टीच मिळाली. म्हणजे कारागीर मठात आले, तेथेच त्यांनी माती मळली, भट्टी घातली, फरसबंदी पुरी केली आणि पुढच्या कामाला निघून गेले. परंतु भट्टीचा तळ सापडला म्हणून भट्टी कशी चालत असे ते कळते असे नाही. ग्रीन आणि बॅरी जॉन्सन यांनी मूळ भट्टीच्या धर्तीवर एक भट्टी बांधली, हाताने लाद्या कापल्या, रचल्या आणि लाकडाच्या जाळावर भाजून पाहिल्या. त्याचा वृत्तान्त 1978 साली प्रसिद्ध झाला. अशा भट्टीत खाली जाळाचे बोगदे, त्यांवर कमानींची सच्छिद्र भुई आणि त्यावर उभ्या कडेवर रचलेल्या लाद्या अशी मांडणी असते. उष्णता सुमारे हजार अंशांपर्यंत न्यावयाची, तीही हळूहळू. घाई केली तर ओलावा अडकून लादी फुटते. ज्याने रात्रभर भट्टीला लाकूड घातले आहे, त्याला भाजणीत बिघडलेल्या लादीचा अर्थ वेगळाच कळतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. फरसबंदीचा जो भाग जागच्या जागी शाबूत असतो, त्याची छायाचित्रे आणि नकाशे निष्णात मंडळी करतात. परंतु कोणत्याही मठाच्या उत्खननात अखंड भागापेक्षा सुटे तुकडे कितीतरी अधिक निघतात. कबरी खणताना उचकटलेले, पाडापाडीत फेकलेले, बागेच्या मातीत मिसळलेले. ते पेट्यांत भरले जातात आणि पेट्या फडताळावर जातात. संग्रहालयाच्या वेतनावरील माणसे मोजकी असतात. हे तुकडे धुऊन, मोजून, वर्गवारी लावून नोंदविण्याचे काम पगारी माणसांनीच करावयाचे म्हटले तर ते पिढ्यान्‌पिढ्या होणार नाही. येथे स्वयंसेवकाचे स्थान आहे. इंग्लंडच्या अनेक मठस्थळांवर आणि संग्रहालयांत निवृत्त शिक्षक, कारकून, कामगार, गृहिणी, विद्यार्थी यांनी हे काम अंगावर घेतले आहे, आणि नॉर्टनही त्या परंपरेतलेच एक स्थान आहे.

हे काम नेमके काय असते? तुकडा मऊ ब्रशाने स्वच्छ करावयाचा, पण झिलई सुटत असेल तर पाणी लावावयाचे नाही. ज्या खड्ड्यातून आणि थरातून तो आला त्याचा क्रमांक बारीक अक्षरांत त्याच्या पाठीवर घालावयाचा. लांबी, रुंदी आणि विशेषतः जाडी मोजावयाची. भिंगाखाली तुटलेली कड धरून मातीत वाळूचे कण किती, ते केवढे, चुन्याचे किंवा लोहाचे ठिपके आहेत की नाहीत ते पाहावयाचे. कडा सरळ कापली आहे की खालच्या बाजूस तिरकी, हे लिहावयाचे. तिरकी असेल तर लाद्या वरून घट्ट बसत आणि खाली चुन्याला जागा राहत असे. पाठीवर सुरीच्या टोकाने काढलेल्या खाचा असतील तर त्यांची संख्या आणि आकार टिपावयाचा, कारण ही कारागिराच्या हाताची सवय असते आणि सवय सहीसारखी असते. शेवटी ठसा असल्यास त्याचा कागदावर माग काढावयाचा.

हा शेवटचा भाग वरकरणी यांत्रिक वाटतो. पण मध्ययुगीन लाद्यांच्या अभ्यासातील पुष्कळसे निष्कर्ष त्याच्यावर उभे आहेत. ठसा लाकडाचा. वापरता वापरता त्याला चीर पडते, आणि ती चीर त्यानंतरच्या प्रत्येक लादीवर बारीक रेषेच्या रूपाने उमटते. समजा एका मठातील लाद्यांवर चीर नाही, दुसऱ्या मठातील लाद्यांवर आहे आणि तिसऱ्याच्या लाद्यांवर ती अधिक रुंद झाली आहे. तर कारागीर कोणत्या मठातून कोणत्या मठात गेले त्याचा क्रम हाती लागतो. ज्यांचे नाव कोणत्याही बखरीत नाही अशा माणसांचा प्रवास एका चिरेवरून काढता येतो! मात्र त्यासाठी शेकडो तुकडे एकापाठोपाठ एक, न कंटाळता पाहणारा डोळा हवा. विद्वत्ता असून ही चिकाटी नसली तर उपयोग होत नाही, आणि विद्वत्ता नसूनही चिकाटी असली तर होतो. जेनी स्टॉपफर्ड यांनी 2005 साली उत्तर इंग्लंडच्या मध्ययुगीन लाद्यांचे जे बृहद् वर्गीकरण प्रसिद्ध केले, किंवा आयर्लंडविषयी एलिझाबेथ ईम्स व टॉमस फॅनिंग यांनी 1988 मध्ये आणि वेल्सविषयी जे. एम. लुइस यांनी 1999 मध्ये जे ग्रंथ दिले, त्यांसारख्या कामांच्या तळाशी अशाच नोंदींचा भराव असतो.

हौशी माणसाचे हे योगदान अलीकडचे नव्हे. सरे परगण्यातील चर्ट्सी हा बेनेडिक्टाइन मठ इ.स. 666 मध्ये स्थापन झालेला. 1537 साली तो बंद पडला आणि त्याचा दगड राजाच्या ओटलँड्स येथील राजवाड्यासाठी नेण्यात आला. 1855 मध्ये सॅम्युएल एंजल या वास्तुविशारदाने तेथे खणले तेव्हा तेराव्या शतकातील लाद्यांचे असंख्य तुकडे निघाले. त्या गावात मॅनवेरिंग शरलॉक नावाचे एक वैद्यकीय व्यावसायिक होते. त्यांनी रुग्ण पाहण्याच्या धंद्यात राहूनच वर्षानुवर्षे हे तुकडे जमविले, जुळविले, त्यांची रेखाटने केली आणि 1885 मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ट्रिस्ट्रम आणि इसोल्ट यांची प्रेमकथा लाद्यांवर क्रमाने चितारलेली आहे, हे जगासमोर येण्यात या डॉक्टरांच्या रेखाटनांचा मोठा वाटा आहे. 1916 साली अमेरिकेच्या रॉजर शर्मन लूमिस यांनी या कथाचित्रांचा जो अभ्यास मांडला, त्याची वाट शरलॉक यांनीच तयार करून ठेवली होती.

चर्ट्सीच्याच लाद्यांत घोड्यावरून भाला रोखणारा राजा रिचर्ड आणि त्याच्या वाराने कोसळणारा सलाउद्दीन असे दोन प्रसिद्ध तुकडे आहेत. वस्तुतः या दोघांची समोरासमोर झुंज कधीच झाली नाही. आपल्याच भुईवर आपलाच विजय कोरून घ्यावयाचा आणि त्यावरून चालावयाचे, ही हौस त्या काळच्या राजदरबाराची होती. आणखी एक गोष्ट येथे शिकण्यासारखी आहे. दीर्घकाळ संग्रहालयांतून हे दोन तुकडेच कौतुकाने मांडले गेले, कारण ते सुंदर आणि ओळखीचे होते. त्यांच्याभोवतीच्या लॅटिन अक्षरांच्या पट्ट्यांचे बारीक तुकडे मागे पडले. अमांडा लायस्टर यांनी 2023 साली अमेरिकेतील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात भरविलेल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने या दुर्लक्षित अक्षर-तुकड्यांसह संपूर्ण फरसबंदीची पुनर्रचना केली. सुंदर तुकडा आपल्यापुरते बोलतो. त्याचा संदर्भ काय होता ते शेजारचा कुरूप तुकडा सांगतो. एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी जे निवडले आणि जे टाकून दिले, त्या निवडीची किंमत आजही इतिहास चुकवीत आहे.

या ठिकाणी एक शंका उपस्थित करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. स्वयंसेवकाचे श्रम फुकट असतात, म्हणून ते स्वस्त समजले जाण्याचा धोका असतो. ज्या कामाला मुळात वेतन द्यावयास हवे, ते सेवाभावाच्या नावाखाली उरकून घेणे हे शोषणच होय. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. शिवाय शिक्षण न देता हाती सोपविलेले काम अहवालात चुका घालते. एकाने ज्याला 'हिरवट' म्हटले त्याला दुसऱ्याने 'काळसर' म्हटले तर हजार नोंदी निरुपयोगी होतात. म्हणून चांगल्या प्रकल्पांत नमुन्याचे तुकडे समोर ठेवून शब्द आधी ठरवून घेतले जातात, दोन व्यक्तींकडून त्याच पेटीची पडताळणी होते आणि अनुभवी तज्ज्ञ मधूनमधून तपासणी करतो. हे असले तरच 'लोकांचे संशोधन' या शब्दाला अर्थ आहे. नसेल तर ती केवळ हमाली.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नवनगरात लिव्हरपूलहून येऊन पडलेल्या कुटुंबांना त्या मातीशी कोणतेही नाते नव्हते. घर नवे, रस्ते नवे, शेजारी नवे. त्यांच्या दाराशी जमिनीतून आठशे वर्षांपूर्वीची वास्तू वर आली आणि ती पाहावयास, चाळावयास त्यांना मुभा मिळाली. इतिहास हा वाड्यातल्या लोकांचा असतो, ही समजूत तेथे आपोआप ढिली झाली असेल तर नवल नाही. नॉर्टनमध्ये तर वाडा आधीच पडला होता.

आता आमच्या वाचकांच्या मनात उठणाऱ्या एका प्रश्नाकडे वळतो. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्यांच्या निवासात असली रंगीत भुई कशासाठी? हा प्रश्न त्या काळच्या ख्रिस्ती मठवासीयांनीही स्वतःस विचारला होता. सिस्टर्शियन पंथाचा संत बर्नार्ड याने सुमारे 1125 मध्ये लिहिलेल्या पत्रात, भुईवर संत-देवदूतांची चित्रे काढून लोकांना त्यांवर चालू देण्याच्या आणि थुंकू देण्याच्या प्रथेवर कडक टीका केली आहे. त्या पंथाच्या महासभेने 1210 साली नॉर्मंडीतील बोबेक मठाच्या अधिपतीस, त्याच्या एका भिक्षूने बाहेरच्या लोकांसाठी फरसबंद्या करून दिल्याबद्दल प्रायश्चित्त दिले. तरीही त्याच शतकात यॉर्कशायरमधील बायलँडच्या सिस्टर्शियन चर्चमध्ये पिवळ्या-हिरव्या लाद्यांची विस्तृत भौमितिक फरसबंदी घातली गेली; तिचे भाग आजही तेथे जागेवर आहेत. माणसाकृती टाळली आणि केवळ भूमिती ठेवली, तर नियम मोडला असे म्हणावे काय? नॉर्टनचे कॅनन सिस्टर्शियन नव्हते आणि त्यांना हे बंधन नव्हते. पण त्यांची फरसबंदीही प्रामुख्याने भूमितीचीच आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील सेनासनखंधक वाचलेल्यास येथे थबकावे लागेल. अन्य पंथीयांच्या निवासांतील भिंती पांढऱ्या, गेरूने रंगविलेल्या आणि भुई काळी असल्याचे पाहून लोक तेथे गर्दी करीत, असा प्रसंग त्यात आहे. आणि भगवंतांनी भिक्खूंना विहारात पांढरा, काळा व गेरूचा रंग वापरण्याची अनुज्ञा दिली. काळा रंग खडबडीत भुईला धरेना, तेव्हा गांडुळांनी उकरलेली माती आणि झाडाचा चीक वापरण्यास संमती मिळाली. इतका बारीक तपशील! पुढे षड्वर्गीय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगविल्या, तेव्हा त्या निषिद्ध ठरून फुलांच्या माळा, वेली, मकरदंत अशा नक्षीस परवानगी देण्यात आली. दोन भिन्न धर्म, दोन भिन्न खंड आणि मध्ये दीड हजार वर्षांहून अधिक काळ. तरी सामूहिक विरक्त जीवनाला सौंदर्याचा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत पडला आणि दोन्हीकडे वाट काढताना वेलबुट्टी व भूमितीचाच आधार घेण्यात आला. हे कोणी कोणाकडून घेतले असा आमचा मुळीच दावा नाही. समान परिस्थितीतून समान प्रश्न निघतो, इतकेच.

नियम एकीकडे आणि प्रत्यक्ष भुई दुसरीकडे, असेही घडतेच. काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ हारवन येथे पंडित रामचंद्र काक यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्खनन केले, तेव्हा एका अर्धवर्तुळपृष्ठ मंदिराभोवतीचे अंगण भाजक्या मातीच्या मोठ्या ठसेदार लाद्यांनी मढविलेले आढळले. सामान्यतः ते बौद्ध स्थळ मानले जाते आणि त्या लाद्या इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील आहेत. त्यांवर फुले आणि हंस तर आहेतच, शिवाय घोडेस्वार धनुर्धर, सज्जात बसलेली जोडपी आणि हाडे वर आलेले कृश तपस्वीही आहेत! लाद्यांवर खरोष्ठी अंक घातलेले आढळतात. रचना करणाऱ्या गवंड्याला कोणती लादी कोठे बसवावयाची ते कळावे म्हणून. तक्षशिलेच्या धर्मराजिक स्तूपाच्या प्रदक्षिणापथावर तर काचेच्या निळ्या लाद्यांची फरसबंदी सर जॉन मार्शल यांना मिळाली. तेव्हा विहाराच्या भुईवर लादी असणे ही कल्पना आपल्याला परकी नव्हे. हारवनच्या लाद्या आज श्रीनगरखेरीज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांतही सुट्या सुट्या पाहावयास मिळतात, आणि सुटी लादी पाहताना तिच्या शेजारी कोणती लादी होती हा प्रश्न मनातून जात नाही.

महाराष्ट्राशी या विषयाचा एक धागा आहे, तो उलट दिशेने येतो. ठसा उमटवून त्या खोलगट भागात दुसऱ्या रंगाची माती भरण्याचे मध्ययुगीन तंत्र सोळाव्या शतकानंतर इंग्लंडातूनच लुप्त झाले होते. वेस्टमिन्स्टरच्या सभागृहातील तेराव्या शतकाची फरसबंदी लाकडी तक्तपोशीखाली झाकून राहिल्याने वाचली; एकोणिसाव्या शतकात ती पाहून आणि मठांच्या अवशेषांतील लाद्यांचे नमुने गोळा करून स्टोकच्या हर्बर्ट मिंटन प्रभृतींनी ते तंत्र पुन्हा उभे केले, यंत्राने लाद्या काढल्या आणि साम्राज्यभर पाठविल्या. मुंबईच्या कुलाब्यातील अफगाण चर्चच्या भुईवर त्या काळच्या इंग्लिश लाद्या आहेत. मठ मोडणाऱ्या राजाच्या देशातील मठांची नक्षी अशी तीन शतकांनी समुद्र ओलांडून आली आणि आपण ती 'व्हिक्टोरियन' म्हणून ओळखतो.

पुन्हा नॉर्टनकडे येऊ, आणि तेही त्या पेट्यांकडे. मध्ययुगीन लाद्यांचे तुकडे धुणाऱ्यास कधी कधी अशी गोष्ट दिसते की जी कोणत्याही ठशात नसते. वाळत घातलेल्या ओल्या लाद्यांवरून कुत्रे किंवा मांजर चालून गेलेले असते. एखाद्या कडेला लादी उचलताना रुतलेले बोट असते. झिलई मध्येच पुसून मातीचा तांबडा रंग वर आलेला असतो आणि कोपऱ्यातील तुकड्यावर मात्र ती नवी असल्यासारखी चकाकते; त्यावरून चर्चमध्ये लोक कोठून चालत आणि कोठे पाऊल टाकत नसत ते कळते. ज्यावर नक्षी नाही, झिलई नाही, आकारही धड नाही असा तुकडा हाती आला तरी नोंदणीच्या चांगल्या शिस्तीत तो बाजूला टाकण्याची मुभा नसते. त्याचीही जाडी मोजावयाची, पाठीवरच्या खाचा मोजावयाच्या, क्रमांक घालावयाचा आणि तो आपल्या थराच्या पेटीत परत ठेवावयाचा.